मॉडेल विमानाची इंधनटाकी

बहारीनच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागात, मनामा या राजधानीच्या दक्षिणेस, तुबली नावाची वस्ती आहे. तिच्या लगत त्याच नावाची उथळ खाडी पसरली असून, काठच्या तिवरांमुळे आणि तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे १९९७ साली रामसर करारान्वये महत्त्वाच्या पाणथळींत तिची गणना झाली. खाडीच्या पलीकडच्या अंगास सित्रा बेट आहे आणि त्या बेटालगत समुद्रात भराव घालून उभारलेल्या कारखान्यात १९८५ पासून नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल ही रसायने तयार होत आली आहेत. मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाचे मुख्य अन्न म्हणजे हेच मिथेनॉल होय. त्यामुळे तुबलीत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगा जेव्हा बाल्सा लाकडाच्या पट्ट्या चिकटवून विमानाचा सांगाडा उभा करतो, त्याच्या नाकावर मुठीएवढे इंजिन बसवतो आणि त्यामागे कोणती टाकी लावावी असा प्रश्न वडिलांना विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचे निम्मे साहित्य खाडीपलीकडेच सिद्ध असते. उरलेल्या निम्म्याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

इंधन आणि उड्डाण यांची गाठ या बेटावर फार पूर्वीच पडली. १९३२ साली जबल दुखान या टेकडीच्या पायथ्याशी तेल लागले. अरबस्तानाच्या बाजूच्या आखातातील हे पहिले तेल. त्याच वर्षी इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडनहून कराचीकडे येणारा आपला हवाई मार्ग इराणी किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्याकडे वळविला आणि बहारीन हा त्या मार्गावरील एक मुक्काम ठरला. त्या कंपनीने कराचीस पोहोचविलेले टपाल पुढे मुंबईस नेण्याची तजवीजही त्याच वर्षी झाली: १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून ते अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आणले, आणि वाटेत अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी बर्मा-शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीने आले. विमानविद्येच्या इतिहासात वैमानिकांच्या धाडसाचे वर्णन पुष्कळ आढळते. परंतु इंधन कोठून येते, कशात साठते आणि इंजिनापर्यंत कसे पोहोचते या रसदीच्या प्रश्नांची तड लागल्यावाचून कोणतेही विमान, मग ते माणसे वाहणारे असो की मुलाच्या हातात मावणारे असो, हवेत टिकलेले नाही.

टाकी हा मॉडेल विमानातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग आहे. इंजिनाची निवड हौशी माणूस महिनोन्‌महिने करतो, पंख्याच्या व्यासाचा आणि आट्याचा काथ्याकूट करतो, रेडिओची किंमत मोजताना हात आखडत नाही. आणि टाकी मात्र दुकानदार देईल ती घेऊन, पुढच्या कप्प्यात मावेल तशी कोंबून मोकळा होतो. पुढे इंजिन जमिनीवर सुरेख चालते आणि हवेत मात्र कसरतीच्या ऐन भरात बंद पडते, तेव्हा दोष इंजिनाच्या माथी मारला जातो. वस्तुतः अशा बहुसंख्य प्रसंगी दोष पुरवठ्याचा असतो. टाकीचे काम इंधन साठविणे एवढेच आहे अशी जी समजूत रूढ आहे, ती या सर्व अनर्थांचे मूळ होय. भरलेली असो वा रिती होत आलेली असो, विमान सरळ असो वा पालथे असो, इंजिनास दर क्षणी सारख्याच दाबाने इंधन मिळत राहावे, ही टाकीची खरी कामगिरी आहे, आणि निवडीची प्रत्येक कसोटी या एका तत्त्वातून निष्पन्न होते.

हे तत्त्व इतके निर्णायक का, हे समजण्यासाठी इंजिनाची प्रकृती पाहिली पाहिजे. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन या अमेरिकन कारागिराने ग्लो प्लग बाजारात आणला आणि ठिणगीसाठी लागणारे कॉइल, बॅटरी इत्यादी जड सामान विमानातून कायमचे उतरले. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे प्रारंभी विजेने तापवावे लागते. एकदा इंजिन सुरू झाले की मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ते आपोआप धगधगत राहते. इंधनात मिथेनॉलखेरीज साधारणतः पंचमांश वंगणतेल असते, आणि शक्ती व स्थिर मंदगती यांसाठी काही टक्के नायट्रोमिथेन घातलेले असते. वंगणासाठी आजही एरंडेल तेलास मान आहे. ते मिथेनॉलात पूर्णपणे मिसळते आणि तीव्र उष्णतेतही धातूच्या पृष्ठभागावरील आपला थर सोडत नाही. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांच्या विमानांनीही याच तेलावर आकाश गाजविले होते.

या रचनेचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. मोटारीच्या इंजिनात वंगणाची तरतूद स्वतंत्र असते. येथे वंगण इंधनातूनच येते, आणि बाष्पीभवन होताना मिथेनॉल जी उष्णता शोषून घेते, तिच्यामुळे इंजिन थंडही राहते. म्हणजे इंधनाचा ओघ क्षीण झाला की शक्ती, वंगण आणि शीतलता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आटतात. मिश्रण पातळ होते, इंजिन क्षणभर तेजीत येऊन किंचाळल्यासारखे वाजते, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे पडतात. असे प्रसंग दोन-चारदा घडले की महागातले इंजिनही कायमचे निकामी होऊ शकते. ओघ फाजील झाला तर इंजिन गुदमरते, परंतु सहसा मरत नाही. पुरवठ्याच्या दोन्ही टोकांच्या दोषांत हा जो भेद आहे, तो ध्यानी ठेवूनच अनुभवी लोक निडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनाचा ओघ कमीजास्त करणारी सुई, किंचित सढळ ठेवतात.

आता आकारमानाचा हिशेब करू. हौशी मंडळी इंजिनाचे माप घन इंचाच्या शतांशांत बोलतात: ‘पंधरा’ म्हणजे सुमारे २.५ घन सेंटिमीटर, ‘पंचवीस’ म्हणजे ४, ‘चाळीस’ म्हणजे ६.५ आणि ‘साठ’ म्हणजे १०. चाळीसचे द्विधाव इंजिन मिनिटास १२,००० फेऱ्या करीत असेल, तर ६.५ गुणिले १२,००० म्हणजे ७८,००० घन सेंटिमीटर, अर्थात ७८ लिटर वायू त्यातून दर मिनिटास जाण्याची क्षमता झाली. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, तेव्हा त्यातून सुमारे ६० ग्रॅम हवा जाते असे धरू. पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, परंतु मिथेनॉलला केवळ ६.५ भाग पुरते. याचा उलट अर्थ असा की तेवढ्याच हवेबरोबर मिथेनॉल दुपटीहून अधिक खर्ची पडते. ६० ग्रॅम हवेस ९ ग्रॅमांहून थोडे अधिक मिथेनॉल किमान लागेल. त्यात सढळ मिश्रणाची वाढ, न जळताच धुराड्यातून निसटणारा अंश आणि तेल व नायट्रोमिथेन यांचा भाग मिळविला की मिनिटास २० ते ३० घन सेंटिमीटर हा आकडा येतो. पूर्ण वेगात चाळीसचे इंजिन मिनिटास सुमारे एक औंस इंधन पिते, हा मैदानावरील जुना ठोकताळा या हिशेबाशी उत्तम जुळतो.

यावरून प्रचलित मापे का ठरली हे उघड होते. पंधराच्या इंजिनास ४ औंसांची म्हणजे सुमारे १२० घन सेंटिमीटरची टाकी, पंचवीसला ६ औंस, चाळीसला ८, छेचाळीसला ८ ते १० आणि साठला १२ ते १४ औंस, हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. एवढ्यात दहा ते पंधरा मिनिटांचे उड्डाण होऊन परतीच्या एका जादा फेरीपुरती शिल्लक उरते. तेवढ्याच मापाचे चतुर्धाव इंजिन याहून बरेच कमी इंधन घेते, म्हणून तेथे एक माप लहान टाकी चालते. नायट्रोमिथेनला जळण्यासाठी हवा आणखी कमी लागत असल्याने त्याचे प्रमाण वाढविल्यास खर्चही वाढतो, आणि तेथे एक माप मोठी टाकी लागते.

मोठी टाकी घेतली तर बिघडले कुठे, असे नवख्यास वाटते. बिघडते ते वजनात आणि तोलात. या इंधनाची घनता पाण्याच्या सुमारे ०.८७ पट असते. १० औंसांची टाकी भरली की साधारण २६० ग्रॅम वजन वाढले. अडीच किलोच्या विमानात ही टाकी गुरुत्वमध्याच्या १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर भरलेल्या आणि रित्या स्थितींत गुरुत्वमध्य जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकतो. उड्डाणाच्या आरंभी नाक जड आणि अखेरीस शेपूट जड, अशा दोन वेगळ्या प्रकृतींची विमाने एकाच उड्डाणात हाताळावी लागतात. आणि शेपूट जड झालेले विमान अस्थिर असते, म्हणून तोल नेहमी रिकाम्या टाकीनेच पाहावा असा कडक नियम आहे. टाकी जितकी मोठी तितकी ही तफावत मोठी. शिवाय मोठ्या टाकीची उंचीही अधिक असते, आणि उंचीचा प्रश्न तर सर्वांत नाजूक आहे.

गच्चीवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असताना तळमजल्याच्या नळाला धार जोरात येते आणि वरच्या मजल्याच्या नळाला मंद येते, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. द्रवाचा दाब त्याच्या उभ्या उंचीवर अवलंबून असतो. मॉडेल विमानात नळाच्या जागी कार्ब्युरेटरची निडल असते. ८ औंसांच्या टाकीची उंची सुमारे ५ सेंटिमीटर धरली, तर भरलेल्या आणि रित्या स्थितींतील दाबाचा फरक वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. परंतु कार्ब्युरेटरच्या अरुंद कंठातील हवेचे शोषणही मोठे नसल्यामुळे एवढ्या फरकानेही मिश्रण बदलते. टाकी निडलच्या वर असेल तर आरंभी इंजिन इंधनात बुडते, थांबलेले असतानाही त्यात इंधन झिरपत राहते, आणि अखेरीस मिश्रण पातळ होते. फार खाली असेल तर अखेरच्या मिनिटांत ओघ तुटतो. म्हणून टाकीची आडवी मध्यरेषा निडलच्या पातळीस, किंवा तिच्याखाली ६ ते १० मिलिमीटर असावी. मध्यरेषा पातळीवर असली म्हणजे विमान पालथे झाल्यावरही दाबात मोठी उलथापालथ होत नाही. म्हणूनच उंच चौकोनी टाकीपेक्षा बसकी, आडवी टाकी शक्य तेथे श्रेयस्कर होय.

विमान नाक वर करून सरळ चढू लागले की मागची टाकी इंजिनाच्या खाली जाते आणि दोहोंतील सारे अंतर उभी उंची होऊन बसते. ते अंतर १० सेंटिमीटर असेल तर कार्ब्युरेटरला तेवढे इंधन वर ओढावे लागते. याचा पहिला उपाय म्हणजे टाकी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या फळीच्या, अगदी मागे, इंजिनास शक्य तितकी जवळ बसविणे. दुसरा उपाय मफलरच्या दाबाचा. मफलरला एक छोटे तोंड असते. तेथून नळी टाकीच्या हवेच्या मार्गास जोडली की धुराचा सौम्य दाब टाकीतील इंधनास मागून रेटतो. हा दाब इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो आणि कमी होतो, म्हणजे गरजेच्या वेळीच मदत वाढते. इंजिन जुळविताना पूर्ण वेगात विमानाचे नाक आकाशाकडे धरून काही सेकंद थांबावे, आणि तेव्हा गती न ढळता टिकली तरच विमान सोडावे, ही सवय प्रत्येकाने बाणवली पाहिजे. टाकी लांब अंतरावर ठेवणे भाग असेल तर पंपाची योजना करावी लागते; हेलिकॉप्टरसारख्या नमुन्यांत मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये सदैव भरलेली राहणारी एक दुय्यम छोटी टाकी बसवितात, म्हणजे मुख्य टाकीत शिरलेला बुडबुडा इंजिनापर्यंत पोहोचत नाही.

प्रचलित टाकीची रचना आता पाहू. पॉलिथिनची बाटली, तिच्या तोंडास रबरी बूच, बुचाच्या दोन्ही बाजूंस धातूच्या चकत्या आणि त्यांना आवळणारा एक स्क्रू. बुचातून पितळेच्या दोन किंवा तीन नळ्या आत जातात. एक नळी हवेची: ती वाकवून टाकीच्या माथ्याशी नेलेली असते. दुसरी भरण्याची, आणि तिसरी इंजिनाकडे जाणारी. या तिसरीच्या आतल्या टोकास लवचिक सिलिकॉनची नळी आणि तिच्या टोकास ‘क्लंक’ नावाचे धातूचे वजन असते. इंधन जिकडे वाहते तिकडे हे वजनही झुकते, त्यामुळे विमान पालथे असो वा कलते असो, नळीचे तोंड इंधनातच राहते. क्लंकची लांबी अशी ठेवावी की ते मागच्या भिंतीपासून सुमारे ६ मिलिमीटर दूर राहून सर्व बाजूंस मोकळे डोलेल. लांबी अधिक झाली तर ते भिंतीस अडकते आणि तोकडी झाली तर मागच्या कोपऱ्यातील इंधन वाया जाते. विमान नाकावर जोरात आदळले असेल तर हे वजन उसळून पुढे अडकण्याचा संभव असतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि पुढच्या चढाईत इंजिन मरते.

टाकी विकत घेताना बूच आणि नळ्या यांची परीक्षा बाटलीपेक्षा अधिक बारकाईने करावी. नळ्यांची टोके कापल्यावर कानशीने गुळगुळीत केलेली नसतील तर ती सिलिकॉनला आतून चिरतात, आणि आतल्या नळीस सुईएवढे छिद्र पडले की इंधनाबरोबर हवाही ओढली जाते. बाहेरच्या नळीत बुडबुडे दिसू लागले तर आधी या छिद्राचाच संशय घ्यावा. टाकी जोडल्यावर दोन मार्ग बंद करून, ती पाण्यात बुडवून तिसऱ्यातून फुंकावे. एकही बुडबुडा उठू नये. इंधनाच्या जातीप्रमाणे नळीची जातही बदलते. मिथेनॉलसाठी सिलिकॉन उत्तम. परंतु पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगून मऊ पडते, म्हणून तेथे टायगॉनसारखी पेट्रोल सोसणारी नळी आणि तशाच रबराचे बूच लागते. रॉकेल, ईथर आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनांनाही सिलिकॉन वर्ज्य होय.

महाराष्ट्रातील अनेकांची मॉडेल विमानाशी पहिली ओळख राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते, जिच्या शिक्षणक्रमाचाच एरोमॉडेलिंग हा एक भाग आहे. तेथे दोऱ्यांनी बांधलेले कंट्रोल लाइनचे विमानही उडविले जाते, आणि त्याच्या टाकीचा विचार निराळा आहे. उडविणारा मध्यभागी उभा असून विमान त्याच्याभोवती वर्तुळात फिरते. दोरी १८ मीटर आणि वेग सेकंदास २५ मीटर धरला, तर वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागून ३४.७ हे त्वरण मिळते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पट जोराने इंधन बाहेरच्या भिंतीकडे रेटले जाते. तेव्हा इंधन घेणारी नळी टाकीच्या बाहेरील, मागच्या कोपऱ्यातच हवी. यासाठी पत्र्याची, डाख दिलेली, बाहेरच्या अंगाला निमुळती होणारी पाचरीच्या आकाराची टाकी वापरतात, म्हणजे शेवटचा थेंबही त्या कोपऱ्यात जमतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या प्रकारच्या कसरतींना सात मिनिटांची मर्यादा असल्यामुळे तेथे टाकीचे माप अंदाजाने ठरत नाही. इंजिन कसरती पुऱ्या होईपर्यंत चालावे आणि लगेच बंद पडावे इतके इंधन मोजून भरले जाते.

याच टाकीत ‘युनिफ्लो’ नावाची एक सुंदर युक्ती आढळते. हवेच्या नळीचे आतले टोक माथ्याशी न ठेवता, इंधन घेणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ आणून ठेवावयाचे, आणि उड्डाणाच्या वेळी हवेचे इतर सर्व मार्ग बंद करावयाचे. मग आत येणारी हवा त्याच बिंदूशी बुडबुड्यांच्या रूपाने प्रवेश करते, त्या बिंदूचा दाब नेहमी बाहेरच्या हवेइतकाच राहतो, आणि वर इंधनाचा थर किती उरला आहे याला महत्त्व उरत नाही. पहिल्या मिनिटास आणि सातव्या मिनिटास इंजिन एकाच सुरात चालते. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मॅरियट यांच्या नावाने प्रयोगशाळांत ओळखली जाणारी स्थिर प्रवाहाची बाटली याच तत्त्वावर चालते.

टाकी बसविताना तिच्याभोवती मऊ फोम गुंडाळणे ही शोभेची बाब नव्हे. मिनिटास १२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदास २०० कंपने; ती थेट टाकीस पोहोचली तर इंधनाला फेस येतो, आणि फेसात हवा असल्याने इंजिनास पातळ मिश्रण जाते. मात्र फोम इतका घट्ट दाबू नये की तो कंपने रोखण्याऐवजी वाहून नेईल, आणि टाकी फायरवॉलला थेट टेकू देऊ नये. इंधनाच्या डब्यापासून टाकीपर्यंतच्या वाटेवर गाळणी असावी. वाळूचा एक कण निडलच्या छिद्रात बसला तरी साऱ्या योजनेवर पाणी पडते.

वाळूच्या कणाची ही धास्ती तुबलीस राहणाऱ्यास समजावून सांगावी लागत नाही. आखातात वायव्येकडून ‘शमाल’ वारा धूळ घेऊन येतो, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढत असतानाच समुद्रावरील दमटपणाही असह्य असतो. मिथेनॉल हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेते. उघड्या तोंडाची टाकी किंवा अर्धवट भरलेला डबा येथे थोड्या दिवसांत इंधन बिघडवितो, आणि ओलसर इंधन इंजिनात राहिले तर बेअरिंग गंजतात. म्हणून दिवसाचे उड्डाण संपताच टाकी पूर्ण रिती करावी, उरलेले इंधन इंजिन चालवून जाळून टाकावे आणि टाकीची तोंडे बंद करावीत. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांस उकळते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या डिकीत त्याची वाफ डबा फुगविते आणि भरलेल्या टाकीतून इंधन आपोआप कार्ब्युरेटरकडे ढकलते. तेव्हा टाकी मैदानावर, उड्डाणाच्या अगोदरच भरावी. तापलेली हवा विरळ असते; १५ अंशांच्या मानाने ४० अंशांस ती सुमारे ८ टक्क्यांनी हलकी होते, त्यामुळे हिवाळ्यात जुळविलेली निडल उन्हाळ्यात सढळ ठरते आणि ती ऋतूगणिक पुन्हा जुळवावी लागते.

टाकीच्या हिशेबाचे सर्वोच्च उदाहरण म्हणजे मेनार्ड हिल यांचे अटलांटिकपार उड्डाण. ऑगस्ट २००३ मध्ये न्यू फाउंडलंडमधील केप स्पिअर येथून सुटलेले त्यांचे ‘टॅम-५’ हे मॉडेल विमान सुमारे ३९ तासांनी आयर्लंडच्या मॅनिन किनाऱ्यावर उतरले. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर. तेव्हा हिल यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आंतरराष्ट्रीय नियमानुसार इंधनासह वजन ५ किलोंच्या आत असणे बंधनकारक होते, आणि त्यातील जवळजवळ निम्मे वजन इंधनाचे होते. तरीही ते इंधन एका गॅलनाहून कमीच भरले. म्हणजे तासाला १०० घन सेंटिमीटरांपेक्षाही कमी खर्च, जेवढा आपले चाळीसचे इंजिन चार-पाच मिनिटांत करते. मिथेनॉलऐवजी कंदिलात जळणारे खनिज इंधन, १० घन सेंटिमीटरचे चतुर्धाव इंजिन आणि अत्यंत काटकसरीची मंदगती, यांच्या संयोगाने हे साधले. टाकी वाढवीत नेण्याची मुभा त्यांना नव्हती. प्रत्येक ग्रॅमाची मोजदाद करून गरज कमी करणे एवढाच मार्ग होता, आणि तोच त्यांना पैलतीरास घेऊन गेला.

मुलांच्या हाती हा विषय देताना दोन गोष्टी वडीलधाऱ्यांनी स्वतःकडे ठेवाव्यात. मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेल्यास अंधत्व आणि मृत्यू ओढवतो, ते कातडीतूनही शरीरात शिरते, आणि त्याची ज्वाला भर उन्हात डोळ्यांस दिसत नाही. डब्यावर ठळक चिठ्ठी असावी, तो पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवावा, आणि तयार मिश्रण विश्वासू दुकानातूनच घ्यावे. दुसरी गोष्ट परवान्याची. बहारीन हा चिमुकला देश आहे. उत्तरेस मुहर्रकचा विमानतळ आणि दक्षिणेस लष्करी तळ असल्याने कोठेही विमान सोडून चालत नाही, आणि हाच विवेक पुण्यात, नागपुरात आणि मुंबईतही पाळावयाचा आहे. नागरी विमानवाहतूक खात्याचे चालू नियम पाहून, मोकळ्या आणि संमत जागीच उड्डाण करावे.

तेव्हा टाकी घेण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे क्रमाने लिहून काढावीत: इंजिन किती मापाचे आणि कोणत्या इंधनावर चालणारे, उड्डाण किती मिनिटांचे, टाकीची मध्यरेषा निडलच्या पातळीस येईल एवढी जागा विमानात आहे काय, तिला दाब कोठून मिळणार, आणि नळ्या व बूच त्या इंधनास योग्य आहेत काय. या उत्तरांत बसणारी सर्वांत लहान टाकी हीच सर्वांत योग्य टाकी. ती जोडण्याचे, पाण्यात बुडवून तपासण्याचे आणि फोममध्ये बसविण्याचे काम पालकांनी स्वतः न उरकता मुलांकडून करवून घ्यावे. द्रवाचा दाब, गुरुत्वमध्य आणि वर्तुळगती हे शाळेच्या पुस्तकातले धडे त्या एका संध्याकाळी त्यांच्या हाताखालून जातील आणि जन्मभर स्मरणात राहतील.